पिठाचा कोंबडा आणि पेंडीचा हिशेब
व्यापार आणि विवेक



गेल्या महिन्यात एकाच लिफाफ्यातून दोन पत्रे आली. एक वडिलांचे, एक चिरंजीवांचे. मराठवाड्यातील एका बाजारगावी या कुटुंबाची तीन पिढ्यांची आडत आहे. सोयाबीन, हरभरा, तूर आणि पेंड असा व्यापार. चिरंजीवांनी अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली असून, वनस्पतींपासून मांसासारखे पदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीची चार जिल्ह्यांची एजन्सी त्यांना मिळू शकते. अनामत रक्कम, डीप फ्रीझर आणि गोठवलेला माल वाहणारी गाडी, असा खर्च आहे. घरातील ठेवी मोडल्याशिवाय तो भागणार नाही.

वडिलांचा प्रश्न असा, की जे नाव उच्चारायलाही आपल्या घरात संकोच वाटतो, ते छापलेली खोकी आपल्या गोदामात ठेवायची का? चिरंजीवांचा प्रश्न असा, की ज्या वस्तूमुळे खाणाऱ्याच्या ताटातील हिंसा कमी होते, ती विकणे अहिंसेचेच काम नव्हे का? आणि दोघांचा मिळून तिसरा प्रश्न असा, की या धंद्याला भवितव्य तरी आहे का? नावे न छापण्याच्या अटीवर दोघांनीही या सदरातून उत्तर मागितले आहे. मतभेद असताना पिता-पुत्रांनी आपली पत्रे एका लिफाफ्यात घातली, याचे मला कौतुक वाटले.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जो धंदा टिकणारच नाही त्याच्या धर्माधर्माची चर्चा करून उपयोग नाही.

ही वस्तू आहे तरी काय?

जाहिराती पाहून वाटते तितकी ही वस्तू नवी नाही. आपल्या किराणा दुकानात मिळणारी सोयाबीन वडी हे तिचेच जुने, साधे रूप. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाला ओलावा देऊन ते एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रातून उष्णता आणि दाबाखाली ढकलले जाते. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, पीठ फुगते आणि त्याला चावता येईल असा तंतुमय पोत येतो. चीनमधील बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांत तर कणीक पाण्यात धुऊन उरणाऱ्या चिवट गोळ्यापासून मांसासारखे पदार्थ करण्याची परंपरा काही शतकांची आहे.

नवी आहे ती महत्त्वाकांक्षा. वडी कधी मांस असल्याचा आव आणत नव्हती. अमेरिकेत २००९ मध्ये स्थापन झालेली बियाँड मीट आणि २०११ मध्ये स्थापन झालेली इम्पॉसिबल फूड्स या कंपन्यांनी ठरवले, की मांस खाणाऱ्याला फरक कळूच नये अशी वस्तू बनवायची. पहिलीने पिवळ्या वाटाण्याची प्रथिने वापरली, चरबीच्या जागी खोबरेल आणि लालसर रंगासाठी बीट घातले. दुसरीने सोयाबीनच्या मुळांतील हिमोग्लोबिनसारखे एक द्रव्य जनुकीय बदल केलेल्या यीस्टकडून तयार करून घेतले. मांस भाजताना जो वास आणि जी चव येते, ती या द्रव्यामुळे येते.

येथे एक भेद स्पष्ट करतो, कारण पत्रांत तो थोडा मिसळला आहे. सिंगापूरने २०२० मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये ज्याच्या विक्रीला परवानगी दिली, ते प्रयोगशाळेतील ‘संवर्धित मांस’ वेगळे. ते प्राण्याच्या पेशी वाढवूनच तयार होते आणि प्राणिजन्यच राहते. आपला विषय केवळ वनस्पतिजन्य वस्तूंचा आहे.

परदेशातील भरती आणि ओहोटी

२ मे २०१९ रोजी बियाँड मीटचा समभाग २५ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ६५ डॉलरच्या वर बंद झाला. जुलैअखेर तो २३० डॉलरच्या पलीकडे गेला होता. त्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या बर्गर-साखळीने देशभर वनस्पतिजन्य बर्गर सुरू केला. २०२१ मध्ये एका नामांकित संस्थेने भाकीत केले, की वनस्पतिजन्य दूध आणि मांस मिळून ही बाजारपेठ २०३० पर्यंत १६२ अब्ज डॉलरची होऊ शकते. आजही अनेक एजन्सींच्या माहितीपत्रकांत अशाच चढत्या रेषा छापलेल्या असतात.

पुढे काय झाले? बियाँड मीटची वार्षिक विक्री २०२१ मध्ये सुमारे ४६ कोटी डॉलर होती. २०२४ मध्ये ती सुमारे ३३ कोटींवर आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा समभाग एका डॉलरच्याही खाली गेला. अमेरिकेच्या दुकानांतील अशा सर्व मालाची विक्री २०२० आणि २०२१ मध्ये वर्षाला सुमारे १.४ अब्ज डॉलर होती, ती २०२३ मध्ये १.२ अब्जांवर उतरली. तेथील एकूण मांसविक्रीत हा वाटा शंभरात एक-दीडच्या पलीकडे गेलाच नाही.

कारणे कोणत्याही किराणा व्यापाऱ्याला समजतील अशी आहेत. कुतूहलाने पहिले पाकीट घेतले गेले. दुसरे घेतले गेले नाही. चव जवळपास जमली, पण पूर्ण नाही, आणि किंमत मात्र खऱ्या मांसाहून बरीच जास्त. २०२२ च्या महागाईत ग्राहकाने आधी महागड्या हौशींना कात्री लावली. त्यातच पाकिटावरील घटकांची लांबलचक यादी वाचून, हे आरोग्याला चांगले कसे, अशी शंका त्याला येऊ लागली. वस्तूचे नाव मोठे करणारा पैसा गुंतवणूकदारांचा होता. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचा नव्हता.

आपल्याकडील गिऱ्हाईक कोण?

आपल्या देशातही गेल्या दशकात बरेच जण या क्षेत्रात उतरले. उदयपूरची गुडडॉट ही त्यांतील सुरुवातीची. २०२१ मध्ये रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी इमॅजिन मीट्स सुरू केली. २०२२ मध्ये टाटा समूहानेही आपला माल बाजारात आणला. त्याच वर्षी सप्टेंबरात गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील नडियाद येथून वनस्पतिजन्य मांसपर्यायांचा पहिला माल ‘अपेडा’च्या साहाय्याने कॅलिफोर्नियाला निर्यात झाला. मोठी नावे आली, प्रसिद्धी झाली. तरीही तालुक्याच्या गावी हा माल मागणारा माणूस आज शोधावा लागतो.

पहिला गैरसमज असा, की भारतात शाकाहारी पुष्कळ, म्हणून या वस्तूला बाजार मोठा. वस्तुस्थिती उलट आहे. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातील ३९ टक्के प्रौढ स्वतःला शाकाहारी म्हणवतात. जैनांत हे प्रमाण ९२ टक्के आहे. पण जन्मापासून शाकाहारी असलेल्या माणसाला मांसाच्या चवीची ओढच नसते. त्याला तो वास सहन होत नाही. आपला समाज २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४४.५ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १४ लाख होता. तो या वस्तूचा ग्राहक नाही आणि होण्याची गरजही नाही.

ग्राहक आहे तो मांस खाणारा. आणि त्याची सवय पाहिली, तर अमेरिकेचा हिशेब येथे लागू पडत नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोंच्या आसपास मांस खाल्ले जाते. आपल्याकडे त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. आपल्या शेजारच्या घरात मांस हा रोजच्या जेवणाचा भाग नसतो. तो रविवारचा, पाहुण्यांचा किंवा जत्रेचा बेत असतो. महिन्यातून मोजक्या वेळा होणाऱ्या त्या बेतात त्याला नक्कल नको असते. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, श्रावण आणि नवरात्र तो स्वतःच पाळतो. श्रावणात मांसपर्याय खपतील, असे काहींना वाटते. परंतु ज्याने महिनाभर मांस सोडले, त्याला त्या महिन्यात मांसाची आठवण करून देणारी वस्तूही नकोशी वाटते. व्रताचा भाव आपल्याला नवा नाही. त्याचाही तसाच आहे.

दुसरी अडचण किमतीची. या गोठवलेल्या पाकिटांचा किलोमागे दर ब्रॉयलर कोंबडीच्या दराच्या बहुधा दुपटीहून अधिक पडतो. त्यात माल उणे अठरा अंशांवर राहिला पाहिजे. कारखाना ते गोदाम, गोदाम ते दुकान, दुकान ते घर, यांत एकदा जरी साखळी तुटली, तरी माल गेला. उन्हाळ्यात आपल्या गावांत वीज किती वेळा जाते, हे पत्रलेखकांना मी सांगायला नको. मुदत संपलेला माल कंपनी परत घेणार की नाही, हे करारात पाहिले का, असे चिरंजीवांना माझे पहिले विचारणे आहे. त्यांच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

तिसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भारतात वनस्पतिजन्य मांसपर्याय यशस्वी झालेला आहे. फक्त त्याला कोणी ते नाव देत नाही. दिल्ली आणि पंजाबात रस्त्यारस्त्यावर सोया चाप विकले जाते. स्वस्त, मसालेदार, तंदुरीवर भाजलेले, आणि कोणाचीही नक्कल असल्याचा दावा न करणारे. सोया वडी तर देशभर खपते. सुक्या वडीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात, ती भिजवल्यावर कितीतरी पट फुगते आणि तिला फ्रीझर लागत नाही. कंपनीच्या पाकिटाची स्पर्धा कोंबडीशी आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात तिची गाठ डाळ, पनीर आणि वडी यांच्याशी आहे.

मग भवितव्य कोठे आहे? जेथे मांस मसाल्यात आणि पोतात हरवलेले असते तेथे: खिमा, कबाब, मोमो, बिर्याणीतील तुकडे. म्हणजे घरच्या फ्रीझरपेक्षा उपाहारगृहाच्या, वसतिगृहाच्या आणि कारखान्याच्या खानावळीत. तेथे आचाऱ्याला दर आणि सोय कळते. पाकिटावरच्या चित्राशी त्याला देणेघेणे नसते. मोठ्या शहरांत प्रकृतीमुळे किंवा करुणेमुळे मांस सोडलेला, पण चव न विसरलेला एक तरुण वर्ग आहे. तोही खरा ग्राहक आहे. हा बाजार लहान आहे, हळूहळू वाढणारा आहे, आणि दर उतरला तरच वाढणारा आहे. तीन वर्षांत ठेवी दुप्पट करून देणारा तो नाही.

पेंडीचा हिशेब

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांच्या पत्रातील एक ओळ मला थांबवून गेली. त्यांनी लिहिले आहे, की आमच्या आडतीत तीन पिढ्यांत हिंसेचा व्यापार झालेला नाही. मी हे वाक्य आदराने वाचले. माझ्याही उमेदीची वर्षे आडतीत गेली आहेत आणि मीही हेच वाक्य अनेकदा बोललो आहे. म्हणून पुढचे जे लिहितो, ते त्यांना उद्देशून जितके आहे, तितकेच मला स्वतःला उद्देशून आहे.

शंभर किलो सोयाबीन गाळले, की सुमारे अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोंच्या आसपास पेंड मिळते. या पेंडीत साधारण पंचेचाळीस टक्के प्रथिने असतात. ती कोठे जाते? काही निर्यात होते, काही दुभत्या जनावरांना जाते, थोडी माणसांच्या खाद्यात येते. परंतु देशातील सर्वांत मोठा ग्राहक कुक्कुटखाद्याचा कारखाना आहे. २०२२-२३ मध्ये भारतातील मांसाचे उत्पादन सुमारे ९८ लाख टन होते आणि त्यातील निम्म्याहून किंचित अधिक वाटा कोंबडीचा होता. त्या कोंबडीचे खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड.

ढोबळ हिशेब मांडू. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंचा होतो आणि तेवढ्यात साडेतीन किलोंच्या आसपास खाद्य खातो. त्यात पाव हिश्शाहून थोडी अधिक पेंड असते. म्हणजे एका पक्ष्याच्या सबंध आयुष्याला साधारण एक किलो पेंड लागते. दहा टनांचा एक ट्रक आपल्या पेढीवरून खाद्यकारखान्याकडे निघाला, तर तो दहा हजार जीवांच्या अल्पशा आयुष्याचा शिधा असतो.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने पाहा. त्या पक्ष्याच्या खाद्यात मका आणि पेंड मिळून सातशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. त्याच्या मांसातून माणसाला मिळतात तीनशे ग्रॅमहूनही कमी. उरलेली पक्ष्याच्या जगण्यात, पिसांत, हाडांत आणि विष्ठेत जातात. पेंडीच्याच जातीचे, पण खाण्यायोग्य प्रतीचे एक किलो पीठ थेट वडीच्या यंत्रात गेले, तर साडेचारशे ग्रॅम प्रथिने माणसाच्या ताटात येतात आणि मका वाचतो तो वेगळाच. वनस्पतिजन्य मांसपर्यायाच्या बाजूने जो सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, तो असा वहीत मांडता येतो.

यावरून पेंडीचा व्यापार पाप आहे, असा निष्कर्ष मी काढत नाही. आपल्या शास्त्रकारांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असा हिंसेचा भेद केला, तो गृहस्थाची अडचण जाणूनच. श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांची यादी समोर ठेवली, तरी धान्य आणि पेंड विकणारा त्यात थेट येत नाही. पण कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द आपण रोज प्रतिक्रमणात ऐकतो. जी वस्तू कोठे जाते हे आपल्याला ठाऊक आहे, तिच्याविषयी केवळ ‘मी विकली, पुढचे मला माहीत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. खोक्यावर छापलेल्या नावाचा आपल्याला संकोच वाटतो. पोत्यावर काहीच छापलेले नसते, म्हणून पोत्याचा वाटत नाही. एवढाच फरक आहे का, हे आपण तपासले पाहिजे.

नावाविषयीही थोडे सांगतो. आपल्या विवाहसमारंभांच्या पंगतीत ‘हराभरा कबाब’ आवडीने वाढला जातो आणि कोणाच्याही मनात किंतु येत नाही. कबाब हे नाव मुळात कशाचे, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे नाव कानावर रुळले, की संकोच मावळतो. म्हणून केवळ नाव ही कसोटी पुरेशी नाही.

पिठाचा कोंबडा

तरीही वडिलांच्या संकोचामागे आपल्या परंपरेचे मोठे बळ आहे, आणि ते चिरंजीवांनी ओळखावे. यशोधर राजाची कथा आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनांत ऐकली असेल. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यात ती विस्ताराने सांगितली. अपभ्रंशात पुष्पदंतांनी आणि कन्नडमध्ये जन्न कवींनीही ती रचली. उज्जयिनीचा यशोधर दुःस्वप्न पडल्याचे सांगतो. माता चंद्रमती देवीला बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीवहत्येला नकार देतो. अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. एकही जीव मेला नाही. तरीही त्या संकल्पाचे फळ माता आणि पुत्र यांना मोर, श्वान, मत्स्य, शेळी अशा अनेक तिर्यंच योनींत भोगावे लागले.

ही कथा ऐकलेल्या वडिलांना मांसासारख्या दिसणाऱ्या पिठाच्या गोळ्याची भीती वाटली, तर ती भाबडी म्हणता येणार नाही. हिंसा हातापूर्वी मनात घडते, हे आपल्या धर्माचे मर्म आहे. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात रागादी भावांच्या उदयालाच हिंसा म्हटले आहे.

पण मग हीच कसोटी नीट लावली पाहिजे. यशोधराच्या हातातील पिठाला कोंबडा मानून मारण्याचा संकल्प होता. आज मांस सोडू पाहणारा माणूस सोया खिमा खातो, तेव्हा त्याचा संकल्प न मारण्याचा असतो. वस्तू सारखीच दिसली, तरी भावाची दिशा उलट आहे. कथेत माणूस अहिंसेकडून हिंसेकडे एक पाऊल सरकला. येथे तो हिंसेकडून अहिंसेकडे एक पाऊल येतो आहे. त्या पावलाखाली पायरी ठेवणाऱ्याला दोष कसा द्यावा?

मात्र हाच पदार्थ जैन घरात, मांस कसे लागते हे पाहण्याच्या कुतूहलाने आणला, तर दिशा पुन्हा फिरते. तेथे पिठाचा कोंबडा पुन्हा कथेतल्याच ठिकाणी येऊन उभा राहतो. म्हणून चिरंजीवांना माझे सांगणे आहे, की ही वस्तू विकणे आणि ती आपल्या घरात रुजवणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला मी होकार देतो. दुसऱ्याला देत नाही.

आपल्या स्वयंपाकघरापुरते

याच निमित्ताने वाचक भगिनी-बंधूंना काही व्यवहाराच्या सूचना. पाकिटावरील हिरवा ठिपका शाकाहार सांगतो. २०२२ च्या नियमांनुसार आलेले हिरव्या ‘व्ही’चे चिन्ह प्राणिजन्य काहीही नसल्याचे सांगते. यांपैकी एकही चिन्ह जैन आहाराची हमी देत नाही. या पदार्थांत कांदा-लसूण बहुधा असतोच. रंगासाठी बीट, म्हणजे कंदमूळ, असू शकते. चवीसाठी यीस्टचा अर्क असू शकतो. ब्रिटनमधील क्वॉर्न हा पदार्थ तर एका प्रकारच्या बुरशीपासून होतो आणि त्याच्या अनेक प्रकारांत अंड्याचा पांढरा भाग असतो. ‘मांस नाही’ याचा अर्थ सर्वत्र ‘अंडे नाही’ असा होत नाही.

परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. बर्गरच्या दुकानात वनस्पतिजन्य टिकिया पुष्कळदा मांसाच्याच जाळीवर भाजली जाते. २०१९ मध्ये अमेरिकेत एका साखळीविरुद्ध याच कारणावरून खटला दाखल झाला होता. पदार्थ कशाचा, हे विचारणे पुरेसे नाही. तो कशावर भाजला, हेही विचारावे.

उत्तर

आता उत्तर. ठेवी मोडू नयेत. चार जिल्ह्यांची एजन्सी घेऊ नये. ज्या मालाला फ्रीझर लागतो, त्यापासून सुरुवातच करू नये. तीन पिढ्यांना सोयाबीनची ओलावा, प्रत आणि दर यांची जी जाण आहे, ती या घराची खरी पुंजी आहे. गोठवलेल्या पाकिटांच्या एजन्सीत तिचा काहीच उपयोग होणार नाही. चिरंजीवांनी आधी सुका माल घ्यावा: खाण्यायोग्य प्रतीच्या सोयाबीनची वडी, दाणे आणि तुकडे. एका शहरातील दहा-पंधरा उपाहारगृहे, वसतिगृहे आणि खानावळी गाठाव्यात. मांसाहारी जेवण देणाऱ्या, आपल्या समाजाच्या नव्हे. खिम्यात अर्धा हिस्सा जरी सोयाचा गेला, तरी आचाऱ्याचा खर्च उतरतो. पहिल्या मागणीने हुरळून जाऊ नये. सहा महिन्यांनी किती जणांनी स्वतःहून पुन्हा मागणी केली, ते मोजावे. तो आकडा समाधानकारक असेल, तर गोठवलेल्या मालाचा आणि पुढे स्वतःच्या लहान एक्स्ट्रूडरचा विचार करावा.

या धंद्यात धर्माचे नाव पुढे करू नये. आचाऱ्याला अहिंसेचे प्रवचन नको असते. त्याला दर, चव आणि वेळेवर माल हवा असतो. तो मिळाला, तर करुणा न सांगता पोहोचते. भोजनशाळा, पर्युषणाची पारणी आणि समाजाचे मेळावे यांपासून हा माल दूरच ठेवावा. वडिलांच्या समाधानासाठी पेढी आणि गोदाम वेगळे असावे. त्याला थोडा खर्च येईल, पण घरातील शांतता त्याहून मोलाची आहे.

सोयाबीन पिकवणाऱ्याचाही यात थोडा संबंध आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि मराठवाड्याच्या बाजारांत भाव त्याच्या खाली राहिल्याचे आपण पाहिले. वड्यांच्या चार पोत्यांनी हे चित्र बदलणार नाही, हे मला कळते. पण जे पीक केवळ तेल आणि कोंबडीच्या दरावर हेलकावे खाते, त्याला माणसाच्या ताटाचा तिसरा आधार मिळावा, ही इच्छा गैर नाही.

वडिलांना एकच विनंती. येत्या दिवाळीला वहीपूजन होईल, तेव्हा गेल्या वर्षाची पेंडीची खाती चिरंजीवांसमवेत एकदा उघडावी. किती माल पशुखाद्याला गेला, किती कुक्कुटखाद्याला, आणि किती माणसाच्या खाण्याला, असे तीन रकाने करावेत. दोषारोपासाठी हे करायचे नाही. तिसरा रकाना दरवर्षी थोडा वाढवता येईल का, एवढेच दोघांनी मिळून पाहावे. तसे झाले, तर एजन्सी घेतली काय आणि न घेतली काय, या घरात अहिंसेचा व्यापार सुरू झाला असे मी समजेन.

सहा महिन्यांनी दोघांनीही मला पुन्हा लिहावे. पत्रे या वेळेप्रमाणेच एका लिफाफ्यात असावीत.

जय जिनेंद्र.